मत्स्यशास्त्रज्ञ नव्हे, शेवाळबाई

चष्म्याची काडी तुटली म्हणून ती दुकानात शिरली. शिरल्या शिरल्या तुटका चष्मा काउंटरवर ठेवला, बाही वर सारली आणि दुकानदाराला काहीएक न विचारता त्याच्या फिशटँकमध्ये कोपरापर्यंत हात घातला.

"अहो —" चष्मेवाला म्हणाला.

"काचेला काय लावलंत?"

त्याला वाटलं, कौतुक होतंय. काच खरोखरच लखलखत होती. त्याने अभिमानाने स्प्रेची बाटली दाखवली. चष्म्याच्या काचा पुसायचा खास स्प्रे, मऊ फडकं, वरून खाली एकच हात. बाहेरून तर पुसलीच, पण थोडं पाणी उपसून आतूनही पुसली, मग पाणी परत भरलं.

"मग ह्या का अशा पडल्यात?"

तळाशी सहा गोगलगायी आडव्यातिडव्या पडल्या होत्या, शंखांची दारं घट्ट मिटून. चष्म्याशिवाय तिला समोरच्या माणसाचं नाकसुद्धा धड दिसत नव्हतं, पण गोगलगायी तिने बोटांनी मोजल्या. मग बाहेर जाऊन स्कूटरवरची बादली आणली. दुकानाच्या मागच्या पिंपात कालचं शिळं पाणी होतं, क्लोरीन उडून गेलेलं, तेच हवं होतं. टाकीतलं अर्धं पाणी काढलं, नवं भरलं, पुन्हा अर्धं काढलं. चष्मेवाला बाजूला उभा राहून काडी बसवत होता, आणि स्क्रू तीनदा खाली पडला.

काडी बसली. तिचे हात ओले होते, म्हणून त्यानेच चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला, कानांमागे दोन्ही बोटं फिरवून पाहिली. ते त्याच्या धंद्याचंच काम होतं. दिवसातून वीसदा तो ते करायचा... तरी या वेळी बोटं जरा रेंगाळली.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

"घाबरलेला माणूस," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत चार गोगलगायींनी दारं उघडली. दोन गेल्या.

बादलीवर लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: शेवाळबाई. थोरल्या भावाने टोमणा म्हणून ठेवलेलं नाव. दादाने ते पाहुण्यांसमोर वापरलं, त्याच आठवड्यात तिने पेंटर गाठून तेच बादलीवर रंगवून घेतलं. दादा महिनाभर बोलला नाही. सहा वर्षं झाली त्याला. आता तिच्याकडे एकतीस टाक्या होत्या — दवाखाने, शाळा, म्हाताऱ्यांची घरं — आणि चष्मेवाल्याची धरली तर बत्तीस.

•

दर मंगळवारी.

तिची हत्यारं साधी. कोपरे खरवडायला बँकेचं जुनं कार्ड. लांब दांडीला बांधलेला स्पंज. आणि चुंबकाची घासणी, जिचा एक तुकडा काचेच्या आत आणि दुसरा बाहेर. बाहेरचा सरकवला की आतला मुकाट मागे येतो.

"नवऱ्यासारखा," चष्मेवाला म्हणाला.

"कुणाच्या?"

 मग वाळूचा एक कण जरी मध्ये अडकला तर काचेवर जन्माचा ओरखडा पडतो, हे तिने त्याला दोनदा बजावलं. दुसऱ्यांदा गरज नव्हती.

मंगळवार ते मंगळवार टाकीच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटलेली असायची. वर तिचं अक्षर, खाली त्याचं.

दिवा रोज सहाच तास. आणि उन्हाची तिरीप येते, तिथे पडदा लावा.

— लावला. आता तुम्ही येताना दिसत नाही.

मागची काच कुणीही खरवडायची नाही. ते गोगलगायींचं जेवण आहे.

— गिऱ्हाइकं विचारतात, मागे हिरवं का.

विचारू देत.

शेवाळ खाणाऱ्या माशांना काकडी कोण घालतंय? सुस्तावलेत. काचेकडे ढुंकून बघत नाहीत.

— मी. बारीक वाटले.

ते बारीकच असतात. माणसांसारखे लाडावू नका.

काचेवरचे पांढरे ठिपके म्हणजे घाण नव्हे. गोगलगायींची अंडी आहेत. ह्या जातीची अंडी गोड्या पाण्यात फुटत नाहीत.

— मग घालतात कशाला?

त्यांची मर्जी. तुम्हाला त्रास आहे का?

— नाही. उलट आवडलं.

या शेवटच्या चिठ्ठीवर तिने काहीच लिहिलं नाही. घडी घालून खिशात ठेवली.

•

मग दादाने स्थळ आणलं. त्याच्या साहेबांचा भाचा. मुलगा शांत, नोकरी पक्की, आणि त्या लोकांची अट एकच: मुलीने नोकरी जरूर करावी, पण चार लोकांत सांगता येईल अशी. येत्या रविवारी अकरा वाजता येणार होते. तोवर बादली गच्चीवर ठेवायची, आणि कुणी विचारलं तर 'माशांचा व्यवसाय' एवढंच म्हणायचं, असं दादाने ठरवून टाकलं. आई म्हणाली, नुसतं भेटायला काय जातंय तुझं. वहिनी भाजी निवडताना तिच्याकडे बघत राहिली.

भाच्याची तिला भीती नव्हती. भीती ही होती की एक दिवस नाही म्हणण्याचा कंटाळा येईल, आणि बादली गच्चीवरच राहील.

मंगळवारी तिने हे सगळं चष्मेवाल्याला सांगितलं. हात पाण्यात, नजर काचेवर. तो काय म्हणेल ते ऐकायला कान मात्र टवकारलेले.

त्याचा चेहरा लाल झाला. मग त्याने सांगितलं की त्यानेही... म्हणजे त्याने आपल्या आईला तिच्याबद्दल आधीच सांगितलंय. आई दुकानाच्या वरच राहायची. गुडघ्यांमुळे खाली उतरायची नाही.

"काय सांगितलंत?"

"हेच की... तुम्ही मत्स्यशास्त्रज्ञ आहात."

आईला इतका आनंद झाला होता की तिने फोन फिरवून वरच्या तिन्ही मजल्यांवर कळवलं होतं.

तिने स्पंज पिळला. फार वेळ पिळला.

"म्हणजे तिकडे दादा मला गच्चीवर लपवतो, आणि तू इथे शास्त्रज्ञाच्या कोटात." तू. रागात पहिल्यांदाच निघालं, आणि तिने ते परत घेतलं नाही.

"आईला पटावं म्हणून —"

"तुला पटलंय का?"

चष्मेवाल्याने उत्तर द्यायला एक क्षण जास्त घेतला. तेवढ्यात ती बादली उचलून बाहेर पडली होती.

•

रविवार, अकरा.

पाहुणे सोफ्यावर बसले होते आणि ती गच्चीवरून बादली घेऊन खाली आली. दिवाणखान्याच्या मधोमध ठेवली, अक्षरं पाहुण्यांकडे करून. भाच्याच्या आईने आवड विचारली. तिने सांगितलं: लोकांच्या काचांवरचं शेवाळ काढते, बत्तीस टाक्या आहेत, पुढेही हेच करणार, आणि लग्न या घरी जुळणार नाही, तुमच्यात खोट काही नाही. आईने पदराने तोंड झाकलं. दादाचा आवाज चढला, मग फुटला. भाच्याने मात्र निघताना हळूच विचारून घेतलं की ऑफिसातल्या टाकीचं पाणी हिरवं का होतं.

पाहुणे गेल्यावर तिने बादली उचलली. कुठे निघालीस, दादाने दरडावलं.

"एक खोटं राहिलंय," ती म्हणाली. "ते काढायला."

वहिनीने दार उघडून धरलं.

•

दुकान बंद होतं. जिना चढून तिने पहिल्या मजल्यावरची बेल वाजवली. दार चष्मेवाल्याने उघडलं, पण ती बोलली त्याच्या खांद्यावरून, आत खुर्चीवर बसलेल्या बाईंशी.

"काकू, मी मत्स्यशास्त्रज्ञ नाही. मी टाक्या घासते. एवढंच सांगायला आले. मागायला काही आले नाही."

काकूंनी बादलीवरचं नाव वाचलं. मग मुलाकडे पाहिलं. टाक्यांचं त्यांना फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांना लागलं होतं ते वेगळंच.

"अरे, मी तीन मजले सांगून बसलेय. आता मी काय तोंड दाखवू?"

चष्मेवाल्याने चपला पायांत सरकवल्या आणि जिना चढायला लागला. ती मागोमाग गेली. कशाला, ते तिलाही कळलं नाही.

दुसरा मजला. निवृत्त मास्तर.

त्याने सांगितलं, आई म्हणाली ते खोटं होतं, म्हणजे मीच आईला खोटं सांगितलं, ती टाक्या घासते. मास्तर म्हणाले, बरं, मग? तो म्हणाला, मग काही नाही. दार लागलं.

"हे अर्धंच झालं," ती मागून म्हणाली.

"माहितीये."

तिसरा मजला. रात्रपाळी करून झोपलेल्या नर्सबाई.

तेच, पण भरभर. आणि एक वाक्य जास्त: मला तिच्याशी लग्न करायचंय, ती हे काम सोडणार नाही आणि मी सोडायला सांगणार नाही.

"तिला विचारलंस?" नर्सबाई डोळे चोळत म्हणाल्या.

"नाही."

"मग मला कशाला उठवलंस?"

चौथा मजला.

कुलूप.

तो कुलपासमोर उभा राहिला. ती दोन पायऱ्या खाली. तिला वाटलं, आता वळेल, हसेल, चला सुटलो म्हणेल. तो वळला नाही. घसा साफ केला आणि बंद दाराला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, एक शब्द न गाळता. ती टाक्या घासते. मी घाबरलो — आईला नाही, चार लोकांना. तिने विचारलं तुला पटलंय का, तेव्हा मी थांबलो, ते थांबणं अजून टोचतंय. मला पटलंय. मला ती आवडते, तिच्या बोटांच्या भेगांसकट. मंगळवार सोडून बाकीचे सहा दिवस कशाला असतात, तेच कळत नाही.

आवाज शेवटी कापला. तरी त्याने वाक्य पुरं केलं.

"हो," ती म्हणाली.

तो गर्रकन वळला. "पण मी तुला अजून विचारलेलं नाही."

"मग विचार. तोंड इकडे करून."

त्याने विचारलं. ती पुन्हा हो म्हणाली, या वेळी इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि नर्सबाईंचा आवाज वर आला: झालं ना एकदाचं, आता मला झोपू द्या.