पाचवी खुंटी

मोटरसायकलच्या हँडलला किल्ल्यांचा घोस लटकताना दिसला आणि रूपाली थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"मराल ना ओ," त्यानं ब्रेक मारला.

"कुलूप उघडता ना तुमी? माझे आबा... आत पडलेत."

चौक गावचा तो किल्लीवाला जितेश. त्यानं पुढं काही विचारलं नाही. दहिवलीतल्या तिच्या घराला आपोआप लागणारं लॅच होतं. रूपालीनंच हौसेनं बसवून घेतलेलं. ती बाहेर पडली तेव्हा किल्ली आत, खिळ्यालाच राहिली. खिडकीच्या गजांतून तिचे वडील, आबाजी दिसत होते – दारालाच टेकून कलंडलेले. मधुमेहाचं इन्सुलिन टोचून जेवायला विसरले असणार, साखर उतरली असणार. छाती हलत होती. हाकेला ओ मात्र नाही.

शेजारच्या ललिताकाकू पहार घेऊन आल्या. "डॉक्टरला फोन केलाय. पण तोवर फोडू या दार."

"त्यांच्याच अंगावर जाईल, काकू," जितेश म्हणाला. त्यानं तारेचा बारीकसा आकडा कुलपात सरकवला. "मोबाइलचा उजेड धरा. आणि बोलत ऱ्हावा. उजेड हलतोय."

"काय बोलू... आत काय असतं?"

"टंबलर. पाच."

"टंबलर तर पाणी प्यायचा."

"तो वेगळा. कबुतरांतबी टंबलर असतो, उडता उडता कोलांट्या मारतो. कुलपातला म्हणजे पितळेची खुंटी. एकेक उचलायची, जागेवर बसवायची. पाची बसल्या की दार आपलं."

एक बसली. दोन... तीन... चौथीला वेळ लागला. आत आबाजींचा श्वास घरघरला आणि रूपालीनं मोबाइल कुलपाच्या आणखी जवळ नेला.

"तुमाला भीती नाय वाटत?"

"घरी गेल्यावर वाटंल. आता सवड नाय."

पाचवी हटून बसली. त्याच्या कपाळावरचा घाम ओघळून डोळ्यात जायला लागला. तिनं नकळत ओढणीच्या टोकानं टिपला. आणि... बारीकसा 'कट्'.

तो बाजूला सरला. "ढकला तुमी. उघडून आमी देतो, पण आत पहिला पाय घरच्याचा."

बोटभर, वीतभर दार सरकवत ती आत शिरली. पाण्यात साखर ढवळून घोट घोट पाजू लागली. तिसऱ्या घोटाला आबाजींनी डोळे किलकिले केले, आणि इतका वेळ कोरडी राहिलेली रूपाली हुंदके देत खाली बसली.

आठवड्यानं जितेश पुन्हा आला. लॅच काढून साधी कडी बसवली. काम संपलं, तरी त्याचं स्क्रू आवळणं चालूच.

"अजून काय राहिलं?" तिनं विचारलं.

"राहिलंय..." तो मान वर करेना. "पण तुमी नाय म्हणालात, तर या रस्त्यानं जायची माझी हिंमत होणार नाय."

रूपाली उंबऱ्यावर टेकली. "आणि विचारलंच नाय तर?"

"तरीबी यायला कारण नाय. लॅच काढलं ना मी."

"मग... विचारा."

"लग्न कराल माझ्याशी?"

होकार तिच्या ओठांवर आला, पण तो घाबरून पुन्हा तोच स्क्रू आवळायला लागला. तेवढ्यात आतून आबाजी खाकरले.

"हो म्हण गं लवकर. त्या स्क्रूचं डोकं उडंल आता."