बुलडोझरवरचा काठोकाठ चहा

मानवजातीला पुढे नेलं ते दोनच गोष्टींनी. एक प्रेम आणि दुसरं चाक.

पैकी या गोष्टीत चाक नाही. गोष्ट बुलडोझरची आहे आणि बुलडोझर लोखंडी चेनवर चालतो. चेनच्या आत रोलर असतात, पण त्यांना चाकं म्हटलेलं डिझाइन विभागातल्या बाईंना खपत नसे. राहता राहिलं प्रेम. तेही सुरुवातीला दिसण्यासारखं नव्हतं, कारण बाई मशीनखाली होत्या.

बाहेर फक्त दोन बूट होते. सकाळी ट्रायलच्या मैदानावर आलेल्या ऑपरेटरला ते कुठल्यातरी फिटरचे वाटले. म्हणून त्याने शेजारी उभं राहून निवांत आळस दिला.

“पाय उचला,” मशीन म्हणालं.

तो दचकला. बारा वर्षं तो मशीन चालवत होता, पण मशीनने त्याला असं कधी काही सांगितलं नव्हतं. तेही बाईच्या आवाजात.

“कु... कुठला?”

“डावा. माझ्या मोजपट्टीवर आहे.”

त्याने डावा उचलला.

“माझ्या डावीकडचा हो!”

त्याने तो ठेवून दुसरा उचलला. मग कुठला ठेवायचा आणि कुठला नाही हे न उमगून तो जरा वेळ जागच्या जागी नाचला. खालून ती सरपटत बाहेर आली. नाकाच्या शेंड्यावर ग्रीस, हातात मोजपट्टी.

“चेनचा झोळ मोजत होते.”

“किती भरला?”

“तुम्ही येईपर्यंत मोजत होते. मग एक बूट भरला.”

“दोन बोटं जास्त आहे,” तो म्हणाला. “काल चालवताना बसल्या जागी कळलं.”

तिने पुन्हा मोजला. बरोबर दोन बोटं जास्त. एखाद्या माणसाला इतकं बरोबर असण्याचा काय अधिकार, असं तिच्या मनात आलं... आणि नाकावरचं ग्रीस पुसायच्या नादात तिने ते गालावर नेलं. त्याने सांगितलं नाही. त्याला ते तिथेही बरं दिसलं.

कारखान्यात त्याला सगळे ‘पाणसळ’ म्हणत. गवंडी भिंतीवर पाणसळ ठेवून बघतो, तसं याला सीटवर ठेवलं की जमीन कुठे किती कललीय ते हा सांगे. आणखी एक कारण होतं. तो खोटं बोलू लागला की त्याची मानच एका बाजूला कले. त्यामुळे त्याने तो नाद लहानपणीच सोडला होता.

तिने नवी चेसिस, म्हणजे मशीनचा खालचा सांगाडा, काढली होती. जुन्या मशीनचे रोलर फ्रेमला घट्ट जखडलेले असत. दगड आला की सगळा दणका ऑपरेटरच्या कमरेत. तिचे रोलर जोडीजोडीने एकेका झुलत्या दांड्यावर बसवलेले आणि वर रबराची उशी. दगड आला की जोडीने वर जायचं, दगड गेला की खाली यायचं, आणि वर बसलेल्या माणसाला यातलं काही कळू द्यायचं नाही. संसारासारखीच रचना, पण ती अविवाहित असल्याने तिने ही गणिताने काढली होती.

विभागप्रमुख साहेब पूर्वी एकदा हसले होते, असं ऐकिवात होतं. त्यांनी अट घातली, “तीन ट्रायल. एकीत तरी चहा सांडला नाही, तर चेसिस मंजूर. नाहीतर ड्रॉइंग कपाटात आणि तुम्ही सुट्या भागांच्या यादीवर.”

सुट्या भागांच्या यादीवर गेलेली माणसं तिथून थेट निवृत्तच होत.

धक्के मोजायची यंत्रं कारखान्यात होती, पण साहेबांचा विश्वास चहावर. कँटीनमधून ग्लास आणायचा, काठोकाठ भरून केबिनमधल्या फळीवर ठेवायचा आणि मैदानात मांडलेल्या दगडांच्या तीन रांगांवरून मशीन न्यायचं.

“ग्लास परत आणाल ना?” कँटीनच्या मावशी दर वेळी विचारत. “मागच्या मशीनला दिलेला अजून येतोच आहे.”

पहिल्या ट्रायलला चहा पहिल्याच रांगेत सांडला. तिने रबर बदललं. दुसऱ्या ट्रायलला दोन रांगा निभावल्या, तिसरीला घात झाला.

“सांडला?” खाली उभ्या असलेल्या तिने विचारलं.

“सांडला.”

“पुष्कळ?”

“माझ्या पँटला पुरला.”

“तुम्हाला नेहमी खरंच सांगायला हवं का हो?”

“खोटं सांगितलं तर तुम्हीच फसाल.”

“कधीकधी फसायला बरं वाटतं...” ती म्हणाली आणि लगेच ड्रॉइंगच्या गुंडाळीआड झाली.

ते वाक्य तो घरी घेऊन गेला. रात्री आई म्हणाली, “अरे, जेवण मघाशीच संपलं. ताट आहे ते.”

तिसऱ्या ट्रायलला एक थेंबही सांडला नाही. साहेबांची डावी भुवई वर गेली. आनंदाची त्यांची तेवढीच सोय होती. ती धावत मशीनपाशी गेली.

“एक थेंबसुद्धा नाही?”

“एक... एकही नाही,” पाणसळ म्हणाला आणि त्याची मान हळूहळू डावीकडे कलली.

तिने निरखून पाहिलं. “तुमच्या मिशीला काय लागलंय?”

“कुठल्या मिशीला?”

“तुम्हाला एकच आहे. साय आहे ती!”

तो खाली उतरला. “दोनच घोट. निघण्याआधी. जीभ भाजली, तरी प्यायलो.”

“का?”

“तुम्ही यादीवर गेलात तर... इथे मला पाय उचला कोण म्हणणार?”

तिला हसू आलं होतं, अगदी ओठांपर्यंत. पण ते तिने तिथेच थोपवलं.

“उद्या हे मशीन कुणीतरी आठ-आठ तास चालवेल. त्याची कंबर जाईल आणि ती घालवणारी मी असेन. असली मंजुरी मला नको.”

तिने रिपोर्टचा कागद काढला आणि लिहिलं, ‘ट्रायल रद्द. ऑपरेटरने चहा प्यायला.’

साहेबांनी तो दोनदा वाचला. “ऑपरेटरचं म्हणणं?”

“चहा चांगला होता, साहेब. चूक माझी, मशीनची नाही. मशीनची तिसरी ट्रायल अजून झालेलीच नाही.”

साहेबांनी नियम काढून पाहिले. चहा सांडण्याबद्दल लिहिलं होतं, पिण्याबद्दल कुणाला सुचलंच नव्हतं. “उद्या सकाळी. शेवटची.”

दुपारी ती त्याच्याशी बोलली, ते कामापुरतं.

“दणका नेमका कुठे बसतो?”

“कमरेत.”

“कुठे ते दाखवा.”

“ड्रॉइंगवर?”

“ड्रॉइंगला कंबर नाही. तुमच्यावर दाखवा.”

कानाच्या पाळीपर्यंत लाल होत त्याने डावीकडे बोट ठेवलं. “इथे. तिसऱ्या रांगेला. टक्... टक्.”

“दोनदा?”

“लागोपाठ दोनदा.”

ती ताडकन उठली. “म्हणजे जोडी झुलतच नाहीये! एकेक रोलर स्वतंत्र आपटतोय!”

दोघांनी मिळून डावी बाजू उघडली. दांड्याची पिन आत अशी रुतून बसली होती की दांडा हलायचं नाव घेईना. तिने ड्रॉइंग उलगडलं आणि मटकन टूलबॉक्सवर बसली. “माझीच चूक. सांधा ढिला पडू नये म्हणून इतकी जपले, की पिनेला मोकळीक द्यायचीच राहिली.”

“थोडी लागतेच,” तो हळूच म्हणाला. “चेनला लागते, पिनेला लागते...”

“आणि?”

“आणि बाकीचं उद्या. चहा सांडला नाही तर.”

पिन घासून मोकळी केली, दांडा झुलू लागला. दुसऱ्या दिवशी तो मिशी काढूनच आला.

“हे काय!”

“संशयाला जागा नको म्हणून.”

“अहो, साय चिकटायची जागाच काढून टाकलीत! आता संशय घ्यायचा कसा?”

हा विचार त्याने केलेला नव्हता. शेवटी ती स्वतःच केबिनमध्ये टूलबॉक्सवर बसली, डोळे ग्लासवर. मशीन निघालं. पहिली रांग... चहा थरथरला. दुसरी... काठाशी आला, थबकला, परत फिरला. तिसरी... डावी जोडी दगडावर चढली, उतरली. केबिनला पत्ताच नाही.

पुढे सपाट जमीन. आता फक्त थांबायचं बाकी होतं.

“आईला तुमचा आवाज ऐकायचाय,” समोर बघत तो म्हणाला.

“माझा? का?”

“मशीन बाईच्या आवाजात बोललं, असं मी सांगितलं. तिला पटत नाही.”

“मग येईन की एकदा.”

“एकदा नाही... कायमच्या या. म्हणजे... माझ्याशी लग्न कराल का?”

तिने झटकन त्याच्याकडे पाहिलं. मान सरळ होती. रेसभरही कलली नव्हती. हे बघण्यात तिचा कोपर फळीला लागला आणि अख्खा ग्लास तिच्या मांडीवर उपडा झाला.

साहेब मैदान ओलांडून आले. “सपाट जमिनीवर?”

ओल्या कागदावर तिने लिहिलं, ‘तिन्ही रांगांत थेंब नाही. नंतर चहा सांडला. कारण : ऑपरेटरने लग्नाचं विचारलं. चेसिसचा दोष नाही.’

साहेबांनी वाचलं आणि कागद परत दिला. “अपुरा आहे. विचारलं तेवढंच लिहिलंय. पुढे काय झालं ते नाही.”

पाणसळचा हात अजून ब्रेकवरच होता. मशीन केव्हाच थांबलं होतं. तिने पेन घेतलं, एकदा त्याच्या उघड्या पडलेल्या वरच्या ओठाकडे बघितलं आणि खाली लिहिलं, ‘मंजूर. मिशी पुन्हा ठेवावी.’

साहेबांनी त्याखाली चेसिससाठी ‘मंजूर’ लिहून सही केली. त्या वेळी ते हसले म्हणतात. पण साक्षीदार दोनच होते आणि दोघंही भलतीकडेच बघत होते.

तेवढ्यात कँटीनच्या मावशी पदराला हात पुसत मशीनपाशी पोचल्या.

“झालं तुमचं सगळं?” त्या म्हणाल्या. “मग तो ग्लास द्या आधी. साहेबांचा चहा पातेल्यातच उभा आहे.”