ओमार पोचला तो फोटो

रताळी आत्ताच राखेत सरकवलीत, व्हायला वेळ आहे. तोवर हात लावायचा नाही. ब्रूनो, तुझ्याकडे बघूनच बोलतोय. सरका जरा जवळ. आज संत हुआनची रात्र, तेवीस जून. अशाच एका तेवीस जूनला आपल्या हेबेरच्या बाबतीत काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. त्याने कॅमेरे का सोडले, असं तुम्ही दर वेळी विचारता आणि मी सांगतो, डोळे अधू झाले. खोटं आहे ते. त्याचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

माइते नवीन आहे, तिच्यासाठी सांगतो. हेबेर बसच्या गॅरेजात मेकॅनिक. एकटा माणूस. रविवारी उजाडता उजाडता थर्मास काखोटीला मारून त्रिस्तान नार्वाहाच्या जुन्या सामानाच्या बाजारात जायचा आणि कोणाच्या तरी आजोबांचा बंद पडलेला कॅमेरा घेऊन यायचा. त्याच्या जेवायच्या टेबलावर जेवण सोडून सगळं व्हायचं. चिमटे, स्प्रिंगा, इवलेसे स्क्रू बशीत. वर्षानुवर्षं मुकं पडलेलं शटर त्याच्या हातात दोन संध्याकाळींत बोलू लागायचं.

आपल्या फोटो क्लबात नव्या पोरांना तो पहिला धडा एकच द्यायचा. जुना कॅमेरा हातात आला की झाकण उघडायचं नाही. आधी वरची छोटी चावी फिरवायची, रोल गुंडाळायची. मोकळी फिरली तर कॅमेरा रिकामा. अडली तर आत रोल आहे, कोणाचं तरी लग्न आहे, कोणाचं बाळ आहे, आणि आपण झाकण उघडलं की उजेड ते सगळं एका दमात खाऊन टाकतो. जो विसरेल त्याला हेबेर सगळ्यांसमोर असा सोलून काढायचा की विचारू नका. या ब्रूनोला एकदा रडवलं होतं. हसू नका, खरंच रडला होता.

तर चार वर्षांपूर्वीची गोष्ट. गॅरेजच्या तिकीट खिडकीवर मिर्ता म्हणून बाई आहे. तिची मावशी सारांदी देल यीला राहते, गावाबाहेर, नदीच्या अंगाला. मावशीकडे नवऱ्याचा जुना कॅमेरा पडलाय, बघून या, असं मिर्ताने सांगितलं. हेबेर सकाळच्या बसने निघाला. ऐन हिवाळ्यातली थंडी होती, पण ऊन स्वच्छ पडलं होतं.

मावशीचं नाव नेलिदा, सगळे मानाने दोन्या नेलिदा म्हणतात. ऐंशीला टेकलेली, पाठीत वाकलेली, पण जीभ एकदम तरतरीत. तिने भोपळ्याच्या पेल्यात येर्बाचा कडू चहा भरला, गरम तळलेल्या तोर्ता पुढ्यात ठेवल्या आणि कापडात गुंडाळलेला कॅमेरा आणला. हेबेरने कापड सोडलं आणि हातातली तोर्ता खाली ठेवली. जर्मन कॅमेरा. आणि त्यावर जी लेन्स होती ती आपण सगळ्यांनी फक्त पुस्तकात पाहिलेली. टायमरचा खटका मात्र गंजून मेलेला. जागचा हलेना.

"कॅमेरा तुम्हाला," ती म्हणाली. "मी काय करणार त्याचं? पण आत फोटो असले तर ते माझे."

मग तिने सांगितलं. मागच्या पुरात घरात छातीएवढं पाणी आलं, अल्बम गेले, भिंतीवरचे फोटो गेले. कॅमेरा कपाटाच्या डोक्यावर होता म्हणून तेवढा राहिला. नवरा ओमार. त्याला टायमरचं भारी वेड. कॅमेरा कुंपणावर ठेवायचा, खटका दाबायचा आणि बायकोशेजारी उभं राहायला धावत सुटायचा. कधी वेळेत पोचला नाही. सगळ्या फोटोंत ती पूर्ण, आणि कडेला ओमारचं नुसतं कोपर.

"पण शेवटच्या रविवारी पोचला," दोन्या नेलिदा म्हणाली. "नदीकाठी. धापा टाकत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग खट् झालं. मी ऐकलं ना कानांनी. पुढच्याच आठवड्यात त्याला नदीने नेलं. तीस वर्षं झाली." तिने येर्बाचा भोपळा हेबेरच्या हातात दिला. "खरं सांगू का, त्याचा चेहरा आता आठवत नाही मला. चाल आठवते, धाप आठवते. चेहरा म्हणून डोळे मिटले की कोपरच येतं."

बोलता बोलता तिचं लक्ष हेबेरच्या बाहीकडे गेलं. काळा स्वेटर, कोपरावर हे एवढं भोक. एकट्या पुरुषाचे हे हाल, म्हणून तिने त्याला चार शब्द सुनावले आणि सुईदोरा आणायला आत गेली.

आता बघा. हेबेर. ज्याने आपल्याला शिकवलं तो हेबेर. खोलीत एकटा. हातात ती लेन्स. तिची मागची काच धड आहे का, बुरशी तर नाही ना, एवढंच त्याला बघायचं होतं. हावरेपणाने त्याचं डोकं रिकामं झालं होतं. चावीला त्याने हात लावला नाही.

त्याने झाकण उघडलं.

खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन थेट आत पडलं. रोलवर. अर्धा रोल फिरकीवर गुंडाळलेला, आणि शेवटच्या फोटोची चौकट समोर, उन्हात, सताड उघडी. हेबेरने झाकण आपटून बंद केलं. एका श्वासाएवढा वेळ गेला असेल. पण उजेडाला तेवढा पुष्कळ होतो.

दोन्या नेलिदा सुई ओवत बाहेर आली. काळा दोरा संपलाय, पांढरा चालवून घ्या, म्हणाली. स्वेटर काढू नका, गारठाल. ती त्याच्या शेजारी बसली, त्याचं कोपर तिने आपल्या मांडीवर घेतलं आणि टाके घालायला लागली. मान खाली घालूनच तिने विचारलं, "आहे का हो काही आत?"

तेव्हाच खरं बोलला असता तर? आतल्या वेढ्यांतलं काही वाचलं असेल, मी प्रयत्न करतो, एवढं म्हणायचं होतं. पण मग उघडला कसा, हे सांगावं लागलं असतं. आणि त्याने मला आणखी एक सांगितलं, मान वर न करता. कॅमेरा हातचा जाईल अशीही भीती होती त्याला.

"नाही, दोन्या नेलिदा. रिकामा आहे."

सुई थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"असू दे," ती म्हणाली. "विसराळूच होता मेला. रोल घालायचाच विसरला असेल." तिने दोरा दातांनी तोडला आणि टाक्यांवरून हात फिरवला. "घ्या. आता उसवायचं नाही."

हेबेर म्हणतो, तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

अंधार पडल्यावर तो निघाला. मोंतेविदेओची परतीची बस हमरस्त्यावर मिळते, तिथवर मातीचा रस्ता. एका बाजूला तारेचं कुंपण, दुसऱ्या बाजूला विलोची झाडं आणि त्यांच्यामागे नदी. गावाकडे संत हुआनच्या शेकोट्या पेटल्या होत्या, पोरांचा कालवा वाऱ्यावर येत होता. कॅमेरा खांद्यावरच्या पिशवीत. वळणापाशी त्याने मागे बघितलं. तिच्या खिडकीत दिवा होता. परत जावं का, असं त्याच्या मनात आलं. बस चुकेल, असं त्याने स्वतःला समजावलं आणि चालायला लागला.

शेकोट्या मागे पडल्या. आवाज विरले.

तेव्हा पिशवीत काहीतरी घरघरलं.

किर्र्र्र... बारीक. दातेरी चाक फिरल्यासारखं.

त्याला ओळखायला वेळ लागला नाही. टायमर. पण तो खटका तर मेलेला होता. त्याने स्वतः दाबून पाहिला होता...

किर्र्र्र चालूच होतं. आणि मागून, रस्त्यावर, कोणीतरी धावत येत होतं.

जड पावलं. ओल्या बुटांची. फच्... फच्... फच्...

हेबेर बाजूला झाला. पावलं त्याच्या अंगावरून गेल्यासारखी पुढे गेली. थांबली.

खट्.

रस्ता मोकळा होता. चंद्र होता, कुंपण दिसत होतं, मातीवर खडे दिसत होते. माणूस नव्हता. पण कोणीतरी धापा टाकत होतं. म्हाताऱ्या माणसाची नाही, धावून आलेल्या माणसाची धाप. हेबेर म्हणाला, कोण आहे?

किर्र्र्र...

पुन्हा मागून पावलं. या वेळी जवळून. त्याच्या बाहीला वारा लागला.

खट्.

हेबेर पळाला. गॅरेजातला दणकट गडी, पण पळाला. पिशवी बरगड्यांवर आपटत होती. पिशवी टाकून द्यावी असं वाटलं, आणि हात पट्ट्यावरून सुटेना. हमरस्त्याचा दिवा दिसायला लागला. तिथे त्याला दम लागला आणि तो थांबला.

किर्र्र्र...

पावलं आली. धावत नव्हती आता. सावकाश. वेळ आहे हे माहीत असल्यासारखी. फच्... फच्...

पुढे गेली नाहीत.

त्याच्या शेजारी थांबली. खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. नदीच्या गाळाचा वास. आणि खांद्यावर...

हात. ओला. वजन असलेला.

"माफ करा," हेबेर म्हणाला. "मी उघडला. मी विचारलं नाही, मी..."

खट्.

मग काही नाही. बस आली. ड्रायव्हरने त्याला विचारलं, नदीत पडलात की काय? त्याचा एक खांदा भिजलेला होता.

घरी आल्यावर दोन दिवस त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी दारं लावून, अंधारात, रोल धुतला. सुरुवातीचे फोटो वाचले होते, आतल्या वेढ्यांतले. विलोखाली पन्नाशीची नेलिदा, हसणारी, आणि शेजारी मोकळी जागा. कडेला कोपर. पुढच्यात बुटाचं टोक. पुढच्यात परत कोपर. त्यानंतरची पट्टी काळी ठिक्कर, उजेडाने खाल्लेली.

शेवटची चौकट सोडून.

जी खिडकीच्या उन्हात सगळ्यात जास्त उघडी पडली होती ना, तीच. ती स्वच्छ होती. त्याने मोठी कॉपी काढली. रात्रीचा मातीचा रस्ता. रस्त्यात हेबेर, काळा स्वेटर, खांद्याला पिशवी. ज्या पिशवीत कॅमेरा होता तीच पिशवी, पोरांनो. आणि त्याच्या शेजारी एक माणूस, टोपी घातलेला, केस कपाळाला चिकटलेले, दम लागलेला, हसणारा. चेहरा लख्ख. पोचला होता.

सगळ्या जगात ओमारचा तेवढाच एक फोटो. आणि एक बाई तो चेहरा विसरत चाललेली.

तुम्ही म्हणाल, मग नेऊन दिला असेल. मीही तेच म्हणालो. पण न्यायचा म्हणजे सांगायचं, बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो, तुम्ही माझी बाही शिवत होता तेव्हा. येत्या रविवारी जातो, असं तो म्हणायचा. रविवार आला की गॅरेजात काम निघायचं. पुढच्या रविवारी पाऊस. मिर्ता भेटली की मावशीची चौकशी करायचा, आणि ती म्हणायची, तुमचं फार कौतुक करते, भला माणूस म्हणते. ते ऐकून जाणं आणखी अवघड व्हायचं. फोटो त्याने कॅमेऱ्यासकट कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

जून गेला. जुलै गेला.

तीस ऑगस्टची रात्र. सांता रोसाचं वादळ दरवर्षी याच सुमाराला येतं, त्या वर्षी अगदी तारखेला आलं. दिवे गेलेले. हेबेर अंथरुणात जागा होता.

कपाटात किर्र्र्र झालं.

तो उठला नाही. डोक्यावरून पांघरूण घेतलं. पावलं आली... या वेळी आतून, कपाटाच्या आतून, लांबून, एखाद्या लांब रस्त्यावरून यावीत तशी. पण ओली नव्हती. जड नव्हती. सपाता घासत चालल्यासारखी. म्हातारी. सावकाश...

कोणीतरी हसलं. बाईमाणूस.

खट्.

सकाळी मिर्ताचा फोन आला. मावशी रात्री गेली, झोपेतच. हेबेरने ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि कपाट उघडलं. मग तो तसाच रस्त्याने चालत माझ्याकडे आला, पावसात, आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून ढसाढसा रडला. निदान शिव्या तरी द्यायच्या मला, असं म्हणत होता. मला बाजूला करून दोघांनी आपलं आपण उरकून घेतलं, म्हणाला.

कॅमेरा त्याने नदीत टाकला. फोटो टाकायचा धीर झाला नाही, म्हणून माझ्याकडे दिला. हा बघा. कडा धर, माइते, बोटं लावू नकोस. शेकोटीकडे कर, म्हणजे नीट दिसेल.

तोच फोटो, तोच रस्ता. हा ओमार. त्याचा हात आहे तिच्या खांद्यावर, ही दोन्या नेलिदा, पाठीत वाकलेली, सपाता घातलेली. त्याच्याकडेच बघतेय.

आणि इथे, डाव्या कडेला. काळी बाही आहे ना, तेवढीच. नुसतं कोपर. त्यावरचे पांढरे टाके दिसतात का?