सहावी तुकडी

वहिनी आली होती ती फक्त जेवणाचा डबा द्यायला. दुपारचे दोन वाजून गेले होते, आणि तिची नणंद, म्हणजे प्रोटॉन फिरवणाऱ्या यंत्राची ऑपरेटर, सकाळपासून पडद्यासमोरून हलली नव्हती.

"आधी चार घास खा. तुझे प्रोटॉन काही पळून जात नाहीत."

"पळूनच जातात गं वहिनी! पाच तुकड्यांनंतर टिकतच नाहीत मेले."

जमिनीखालच्या गोल बोगद्यात प्रोटॉनच्या तुकड्या फिरत. आधीची तुकडी एका कॅव्हिटीच्या तालावर धरायची, नवी दुसरीच्या किंचित वेगळ्या तालावर, आणि दोन्ही एकमेकींशेजारी आल्या की नेमक्या क्षणी एकत्र बांधायच्या. कॅव्हिटी म्हणजे तांब्याची पोकळ पेटी. तिच्यातून जाताना दर फेरीला प्रोटॉनना विजेचा धक्का बसे. दोन कॅव्हिटींची ही जोडी ऑपरेटरच्या थोरल्या भावाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने बसवली होती. सहा तुकड्या साठवायच्या, हा एकच ध्यास त्याने घेतला होता. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा गाडं पाचावरच अडलं होतं. आणि उद्यापासून यंत्र कायमचं बंद होणार होतं.

दोन तालांमधला फरक स्पीकरवर ऐकू येई. सपाट, एकसुरी, कंटाळवाणा सूर.

पाचवी तुकडी आत गेली आणि तो सूर डगमगला. वर चढला, थबकला... आणि त्याने चक्क गिरकी घेतली.

शेजारच्या टेबलावरच्या तंत्रज्ञ काकांनी दोन्ही हात वर केले. "मी कशालाही हात लावलेला नाही हं..."

कुठूनसा गरम वार्निशचा वास आला. वहिनीच्या हातातलं डब्याचं झाकण हातातच राहिलं.

"अगं... ही तर ह्यांची शीळ. दाढी करताना घालायचे. तिसऱ्या सुराला अश्शीच चुकायची..."

ऑपरेटरच्या अंगावर सर्रकन काटा आला. बोगदा सकाळपासून कुलूपबंद होता. आत जिवंत माणूस असणं शक्यच नव्हतं.

"आता घे म्हणतायत," वहिनी कुजबुजली. "ह्यांची घाई मला कळते..."

ऑपरेटरने बटण दाबलं.

सहावी तुकडी आत गेली. शीळ थांबली. आत किती प्रोटॉन आहेत ते दाखवणारा मीटर चढला, आणि चढलेलाच राहिला. एक मिनिट. दहा मिनिटं. गुडघेदुखीवाले काका टुणकन उडाले, वहिनी हसता हसता रडायला लागली, आणि तिघांनी उभ्या उभ्याच तो डबा फस्त केला. भीती कुठल्या कुठे पळाली. इतकं हसू त्या खोलीने दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

चार वाजता ऑपरेटरने सगळ्या तुकड्या बोगद्याबाहेर सोडून दिल्या. कॅव्हिटी बंद केल्या, मग बोगद्यातले चुंबक. मीटर झपकन उतरला, पण शून्यावर नाही. एका तुकडीवर येऊन थांबला.

"बिघडला असेल," काका म्हणाले आणि त्यांनी दुसरा जोडला.

दुसराही तेच दाखवत होता. वळवायला चुंबक नाही, ढकलायला कॅव्हिटी नाही. तरी आत काहीतरी गोल गोल फिरत होतं...

आणि सेकंदाला किती फेऱ्या, तो आकडा हळूहळू वाढत होता.