रिकामी कॉइल

कॉइल तपासायच्या टेबलावर मी अकरा वर्षं बसते आहे. मावशीने प्लास्टिकच्या नळीवर तांब्याच्या तारेचे चारशे वेढे घालायचे, मी मीटर लावायचा. नळी रिकामी असली की आकडा एक. आत फेराइटची काळी कांडी सरकवली की तोच आकडा दहावर. कांडी काढली की पुन्हा एक. कांडी चुंबकत्व एकवटते, म्हणून. यात गूढ काही नाही.

गेल्या महिन्यात मावशीच्या सात कॉइल रिकाम्या असतानाच दहा दाखवू लागल्या.

"हात चळलाय बाईंचा. तिप्पट वेढे घातलेत. तिप्पट वेढ्यांना आकडा नऊ-दहापट चढतो," सुपरवायझर म्हणाले, आणि तीस वर्षं राबलेल्या बाईला त्यांनी घरी बसवलं.

माझ्या आईची सख्खी बहीण ती. मी गप्प बसणार? भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, सातांतली एक कॉइल उलगडायला घेतली. मोठ्याने मोजत. तीनशे नव्याण्णव. चारशे. तार संपली.

"मग मीटर बिघडला असेल."

दुसरी कॉइल, दुसरा मीटर. दहा.

"नापास लिही आणि भंगारात टाक."

"नाही लिहिणार. वेढे बरोबर आहेत. आत काहीतरी आहे."

"आत? भूत बसलंय का?" ते हसले.

मी नळीला डोळा लावला. पलीकडची खिडकी स्वच्छ दिसत होती. मग त्यांच्यासमोरच कांडी सरकवली. ती अर्ध्यावर अडली. मी जोर केला. कांडी सावकाश मागे आली, माझ्या बोटांना ढकलत.

सुपरवायझरांचं हसू विरलं. "ठेव. ठेव ते खाली."

"आधी लिहून द्या. मावशीची चूक नव्हती."

"अगं, आत्ता?"

"आत्ताच."

त्यांनी लिहिलं. सही वेडीवाकडी आली. कागद मी खिशात घातला.

तेवढ्यात मीटरचा आकडा उतरू लागला. नऊ. आठ. आतली कांडी कोणी हलक्या हाताने काढून घ्यावी, तसा.

मी नळीची दोन्ही तोंडं दोन तळहातांनी दाबून धरली.

"एका बाईची नोकरी खाऊन निघालास कुठे?" मी आतल्याला विचारलं.

आकडा सहावर थांबला.

"सोड गं," सुपरवायझर दारातून म्हणाले.

मी नाही सोडलं.

उजव्या तळव्याला आतून काहीतरी टेकलं. मऊ होतं.

मग डाव्यालाही.