वाटेकरी

अमरावतीच्या भारवाटणी केंद्रात डोक्यावर तारांची टोपी चढवण्याआधी शेंगा सोलाव्या लागत. थंडीत तुरीच्या, एरवी भुईमुगाच्या. दोन माणसांनी समोरासमोर बसून हातांनी एकच काम केलं, की त्यांच्या मेंदूंची लय जुळू लागते. आणि लय जुळल्याशिवाय एकाचा भार दुसऱ्याकडे जात नाही. इतर केंद्रांत त्यासाठी रबरी चेंडू दाबायला देत. इथे पहिल्याच वर्षी कोणीतरी घरून शेंगा आणल्या, आणि तेच रूढ झालं.

निनाद इंगोले अकरावीत होता. गेल्या उन्हाळ्यापासून त्याला सकाळी उठावंसं वाटेना, जेवणाला चव लागेना. आई आधी रागावली, मग घाबरली, आणि त्याला इथे घेऊन आली. औषधं सुरू झाली, आणि त्यांच्या जोडीला दर गुरुवारी भारवाटणी.

“नैराश्यात मेंदूची लय एका खोल चाकोरीत अडकते,” डॉ. काझी मॅडमनी त्याला पहिल्या दिवशी समजावलं होतं. “तिच्यातून गाडी वर काढायला जोर लागतो, आणि नेमका तोच उरलेला नसतो. टोप्या जोडल्या की तुझा अर्धा भार तासभर दुसरं निरोगी डोकं उचलतं. तेवढ्यात तू थोडा वर येतोस.”

“म्हणजे माझ्या मनातलं सगळं त्यांना कळणार?”

“विचार जात नाहीत रे. तुला जे वाटतं, ते जातं.”

भार उचलणाऱ्याला वाटेकरी म्हणत. निनादच्या वाटेकरी होत्या कुसुमकाकू काळमेघ, एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर. “काहून रे, आज तोंड एवढंसं? चाल, सरक पुढे, पुढे लई जागा आहे,” असं म्हणत त्या शेंगांचं ताट पुढ्यात घेत. टोपी उतरवल्यावर त्यांचे डोळे लाल झालेले असत, आणि निनादला मात्र कित्येक दिवसांनी भूक लागलेली असे. घरी कोणाला सांगितलं नाही ते त्याने काकूंना सांगितलं. उरलेले सहा दिवस तो गुरुवारची वाट बघू लागला.

काकूंकडे आणखी एक मुलगी येई. रेवती तायडे, त्याच्याच वयाची. कधी तिचा नंबर आधी, कधी त्याचा. ती आधी असली की ताटातली टरफलं बघूनच निनादच्या पोटात काहीतरी पिळवटे. एकदा काकू तिची वेणी सारखी करताना त्याला दिसल्या. त्या दिवशी घरी जाऊन तो जेवला नाही. हिचं दुःख असं काय मोठं लागून गेलंय? काकू तिच्यासाठी जास्त वेळ का देतात?

तो बरा होत होता आणि तेच त्याला नको होतं. बऱ्या झालेल्याचे गुरुवार बंद होत. मग मॅडमनी झोपेबद्दल विचारलं की, छान लागत असूनही तो सांगे, “लागत नाही.”

पौषातल्या एका गुरुवारी तो आला तर काकू नव्हत्या. मॅडम त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, “काकू तापाने फणफणल्यात. रेवती आत बसलीय, चार दिवस तिने तोंड उघडलेलं नाही. दुसरा वाटेकरी जुळत नाही. तुझी लय तिच्याशी जुळते. तुझ्या आईला विचारलंय, त्या हो म्हणाल्या. रेवतीनेही मान हलवली.”

“मी? मी तर पेशंट आहे.”

“निनाद, तुझे आलेख मी बघते. झोपेचेसुद्धा.” मॅडम थोडं हसल्या. “पण वाटेकरी बरा माणूसच होऊ शकतो. तू हो म्हणालास, तर तू बरा झालास हे मला मानावं लागेल. मग काकूंबरोबरचे गुरुवार बंद. नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही.”

नाही म्हणणं सोपं होतं. पण हिच्यात असं आहे तरी काय, हे एकदा आतून बघायला मिळणार होतं. त्या हव्यासापायीच तो हो म्हणाला.

रेवती मान खाली घालून शेंगा सोलत होती. बऱ्याच वेळाने पुटपुटली, “किती हळू सोलतोस. काकू सांगतात ते खरंय.”

“माझ्याबद्दल सांगतात?”

“सारखं.”

टोप्या जोडल्या गेल्या. आधी तो ओळखीचा जडपणा आला, छातीवर ओलं घोंगडं टाकल्यासारखा. निनादच्यापेक्षा जास्तच. रेवतीचे खांदे सैल झालेले त्याला दिसले. मग त्या जडपणात काहीतरी टोचू लागलं. त्याने मान वळवली तर खिडकीच्या काचेत त्याला स्वतःचाच चेहरा दिसला, आणि तो चेहरा त्याला सहन होईना. हा कशाला येतो इथे? ह्याला काय कमी आहे? पोटात पीळ पडला. हा पीळ त्याला पाठ होता, फक्त आजवर तो दुसऱ्या बाजूने पडायचा.

तास संपला. रेवतीने चहा मागितला, चार दिवसांत पहिल्यांदा काही मागितलं. तिला बाहेर पाठवून मॅडम निनादजवळ बसल्या.

“मॅडम, तिला माझा... ती माझ्यावर जळते.”

“हं.”

“म्हणजे माझ्या वेळी काकूंनाही हे...?”

“नुसतं कळत नव्हतं, बाळा. होत होतं. टोपी असेपर्यंत ते त्यांचं स्वतःचंच असतं, आणि टोपी काढली तरी उतरायला थोडा वेळ लागतो. तुझ्यानंतर दार उघडलं की समोर रेवती. तिच्यानंतर तू.”

“त्या कधी बोलल्या नाहीत.”

“मला बोलल्या. ‘मॅडम, पोरगं दारात उभं रायते अन् मले वाटते, ह्याले हाकलून लावावं. मग मी त्याचा हात धरते अन् आत घेते.’ मी त्यांना म्हटलं, दोघांपैकी एकाला सोडा. त्या म्हणाल्या, कोणाले सोडू?”

निनाद ताटातली टरफलं गोळा करू लागला. दार उघडल्यावर काकू नेहमी क्षणभर त्याच्याकडे नुसत्या बघत राहत, आणि मग हात पुढे करत. त्याला वाटायचं, चष्म्यातून ओळख पटायला त्यांना वेळ लागतो.