पंखांचा घोडा

निवेदिताने दवाखान्यात शेवटचा श्वास घेतला, तेव्हा अवधूत चाकणच्या कंपनीत मशीनवर उभा होता. "जा रे, सुट्ट्या संपल्यात तुझ्या," असं तिनेच सकाळी बजावलं होतं. मोबाइल गेटवर जमा, म्हणून सुपरवायझरने येऊन सांगितलं.

मोशीतल्या घरी तिची धाकटी बहीण शैला एक जाडजूड कादंबरी घेऊन पुढे आली.

"भाऊजी, तुम्हा दोघांचं लाडकं पुस्तक. ताईसोबत ठेवायचं?"

"नको." अवधूतने मान खाली घातली. बायकोचं लाडकं पुस्तक त्याने वाचलंच नव्हतं.

ती पहिल्यांदा दिसली, तेव्हा हेच पुस्तक मांडीवर होतं. कंपनीची बस, तिच्या शेजारची जागा रिकामी... त्याने फक्त सिनेमा पाहिला होता.

"मी पण वाचलंय हे," त्याने ठोकून दिलं.

"हो? काय आवडलं?"

"ती पंखांच्या घोड्यावर बसून नदीवरून उडते ना — काटा आला अंगावर!"

तिने पानांत बोट ठेवून पुस्तक मिटलं. "पुस्तकात तो उडतच नाही. म्हातारा झालेला असतो. ती त्याला आधार देत चालत घरी नेते."

अवधूतचे कान तापले. "मग... सिनेमावाल्यांनी फसवलं मला."

"आणि तुम्ही मला!" ती इतकी हसली की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "शेवटी घोडा तिला काय म्हणतो, ते नाही सांगणार. वाचा आणि या."

"कुठे?"

"याच सीटवर."

तो दुसऱ्याच दिवशी आला, न वाचता. "निम्मं झालं," म्हणाला. लग्न ठरलं तेव्हा "संपलं" म्हणाला. तिने काही विचारलं नाही.

आजारपणात जिना चढताना ती त्याच्या खांद्यावर भार टाकायची. "पुस्तकातल्यासारखं चाललोय बघ आपण." तो कळल्यासारखं हसायचा.

शेवटच्या आठवड्यात तिने विचारलं, "अवधूत, शेवटी घोडा काय म्हणतो रे?"

त्याला सिनेमातलंच आठवलं. "म्हणतो — घट्ट धर, पडू देणार नाही."

ती हळूच हसली. "हे सिनेमातलं," म्हणाली... आणि त्याचा हात घट्ट धरला.

तेरावं झालं, पाहुणे गेले. आता तो बसमध्ये रोज थोडं थोडं वाचतो. नदीपर्यंत आलाय. शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलंय.